तळघरातील पाण्याचा पाझर : दख्खनी खडकावरील घरांच्या संदर्भात निदान व उपाययोजना

गोषवारा

महाराष्ट्राच्या पठारी भागातील शहरांत बंगले व लहान इमारतींखाली तळघरे बांधली जाऊ लागली, तशी पावसाळ्यात तळघरात पाणी येण्याची तक्रारही नित्याची झाली. या तक्रारीवर बहुधा आतील बाजूने लेप देण्याचा उपाय केला जातो आणि तो फार काळ टिकत नाही. पाणी कोठून व केव्हा येते हे न पाहता केलेला उपाय का फसतो, दख्खनच्या बेसाल्ट खडकात खणलेल्या तळघराभोवती पाणी कसे साचते आणि त्यास कोणत्या क्रमाने आळा घालावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : तळघर, पाझर, बेसाल्ट, भराव, जलदाब, जलरोधन, पुनर्भरण

प्रस्तावना

जमिनीखाली जागा करून तीत धान्य वा जिन्नस साठवणे महाराष्ट्रास नवे नाही. जुन्या वाड्यांतील तळघरे आणि गावोगावची धान्याची पेवे ही त्याची परिचित उदाहरणे होत. सांगलीनजीक हरिपूर येथे हळद साठवण्यासाठी अशी पेवे पिढ्यान् पिढ्या वापरात होती. कृष्णेच्या २००५ च्या महापुरात या पेवांत पाणी शिरून हळदीची मोठी हानी झाली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तो प्रसंग महापुराचा होता. एरवी पेवातील माल कोरडा राही, कारण ज्या जमिनीत पाणी लागत नाही तीच जमीन पेवासाठी निवडली जाई. जमीन आधी पारखायची आणि खड्डा नंतर खणायचा, असा तो क्रम होता.

शहरी घराच्या तळघराबाबत हा क्रम उलटा झालेला दिसतो. भूखंड आधी विकत घेतला जातो, जागेच्या किमतीमुळे तळघर घेण्याचे ठरते आणि त्या जमिनीतील पाण्याचा विचार पहिल्या पावसाळ्यात, भिंतीच्या तळाशी ओलीची रेघ उमटल्यावर सुरू होतो. मग गवंडी बोलावला जातो, गिलावा खरवडून जलरोधक लेप दिला जातो, वर रंग लागतो. पुढील वर्षी पाणी त्याच भिंतीतून, किंवा हाताने दाखवावे तसे बरोबर शेजारच्या कोपऱ्यातून येते. या फेऱ्यात केवळ पैसा जातो असे नाही. ओलीमुळे काँक्रीटमधील लोखंड गंजू लागते, आणि तळघरातील खांबांवर वरचे संपूर्ण घर उभे असते. त्यामुळे हा प्रश्न रंगरंगोटीचा नसून घराच्या आयुष्याचा आहे.

पुणे व परिसरातील पठारी प्रदेश समोर ठेवून पुढील विवेचन केले आहे. कोकणातील जांभा खडक व किनारी वाळू यांतील परिस्थिती निराळी असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही.

खडकात खणलेला हौद

दख्खनचे पठार सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून निर्माण झाले. या बेसाल्टच्या प्रत्येक थराचा वरचा भाग बहुधा सच्छिद्र व झिजलेला, तर खालचा भाग घट्ट व कठीण असतो. दोन थरांमध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा आढळतो. घट्ट खडक स्वतः पाणी जवळजवळ शोषत नाही. पाणी राहते ते झिजलेल्या भागात, मुरुमात आणि खडकाच्या सांध्यांत, भेगांत. विहीर खणणारे ज्यास ‘झरा लागणे’ म्हणतात, ते अशाच एखाद्या भेगेस किंवा दोन थरांच्या सीमेस छेद जाणे होय. यामुळेच एका भूखंडावरील तळघर कोरडे आणि शेजारचे मात्र दिवाळीपर्यंत ओले, असे घडते. शेजाऱ्याचा अनुभव हा या प्रदेशात पुरेसा पुरावा ठरत नाही.

तथापि लहान घरांच्या बाबतीत अनेकदा दोष झऱ्याचा नसतोच. तळघर बांधताना भिंतीच्या बाहेरून काम करता यावे म्हणून खड्डा प्रत्यक्ष तळघरापेक्षा मोठा खणावा लागतो. भिंती उभ्या राहिल्यावर ही उरलेली जागा मुरूम, माती आणि बऱ्याचदा बांधकामाचा राडारोडा टाकून बुजविली जाते. हा भराव सैल असतो, मात्र त्याच्या पलीकडचा मूळ खडक घट्ट असतो. भरावात उतरलेल्या पाण्यास बाहेर पडण्यास मार्ग नसतो. थोडक्यात, घरमालकाने आपल्या घराभोवती नकळत एक हौद बांधलेला असतो आणि त्या हौदात तळघर बुडवून ठेवलेले असते.

या हौदाचे मान किती असते, हे साध्या हिशेबाने समजते. समजा, १० मीटर लांब व ८ मीटर रुंद असे तळघर आहे, त्याची खोली ३ मीटर आहे आणि सभोवती ६० सेंटिमीटर रुंदीचा भराव आहे. भरावाचे घनफळ सुमारे ६९ घनमीटर होते. सैल भरावात ३० टक्के पोकळी धरली, तर तीत सुमारे २०,००० लिटर पाणी मावते. आता याच घराचे ८० चौरस मीटरचे छप्पर घ्यावे. ५० मिलिमीटर पाऊस पडला की त्यावरून ४,००० लिटर पाणी उतरते. पन्हळीचे नळ भिंतीच्या पायथ्याशीच सोडलेले असतील, तर असे पाच पाऊस हा हौद काठोकाठ भरू शकतात. काही पाणी खडकाच्या भेगांतून निघून जाईल हे खरे, परंतु अंगणातून येणारे पाणी या हिशेबात धरलेलेच नाही. तळघरात पाणी येताच ‘जमिनीचे पाणी वर आले’ असे जे म्हटले जाते, ते म्हणूनच पारखून घेणे आवश्यक ठरते. ते पाणी पुष्कळदा आपल्याच छपराचे असते.

काळ्या मातीच्या भूखंडावर आणखी एक अडचण संभवते. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, आणि पहिल्या पावसाचे पाणी या भेगांतून थेट पायापर्यंत जाते. पुढे माती फुगून भेगा मिटतात, पण फुगलेल्या मातीचा रेटा भिंतीवर येतो. भिंतीच्या बाहेर काळी मातीच भराव म्हणून टाकणे हे यासाठी अयोग्य होय.

पाण्याचे वजन

पाणी भिंतीतून आत का येते, याचे उत्तर देताना बहुधा ‘काँक्रीट कच्चे आहे’ एवढेच सांगितले जाते. काँक्रीटचा दोष असतोच, परंतु पाण्याच्या बळाची कल्पना नसल्यामुळे उपाय चुकतात. बाहेर साचलेल्या पाण्याची उंची तळघराच्या जमिनीपासून १ मीटर असेल, तर त्या जमिनीच्या प्रत्येक चौरस मीटरवर खालून सुमारे १ टन इतका रेटा येतो. तळाशी केवळ १५ सेंटिमीटर जाडीचे साधे काँक्रीट असेल, तर त्याचे स्वतःचे वजन चौरस मीटरला ३६० किलोग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे बाहेरील पाणी ३६ सेंटिमीटर चढताच ते काँक्रीट केवळ आपल्या वजनावर त्यास दाबून ठेवू शकत नाही. मग फरशीच्या सांध्यांतून पाणी वर येते, फरशी उचलली जाते, क्वचित तळाचे काँक्रीट तडकते. भिंतीचेही असेच आहे. ३ मीटर उंचीच्या भिंतीबाहेर पूर्ण उंचीपर्यंत पाणी असेल, तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे साडेचार टनांचा आडवा रेटा असतो.

असे बळ मागे असताना पाणी अगदी लहान फटही शोधून काढते. भिंत व तळ यांचा सांधा, काँक्रीटचे काम एक दिवस थांबवून दुसऱ्या दिवशी सुरू केले तेथील जोड, शटरिंगच्या पट्ट्यांची वा सळ्यांची राहिलेली भोके, नळ व केबल आत येतात ती छिद्रे, आणि काँक्रीट नीट न ठोकल्याने पडलेल्या मधाच्या पोळ्यासारख्या पोकळ्या या त्याच्या नेहमीच्या वाटा होत. भिंतीच्या मधल्या सपाट भागातून पाणी येणे त्यामानाने कमी आढळते. लेप मात्र याच सपाट भागावर सर्वाधिक चोपडला जातो!

निदान : पाणी केव्हा येते?

दुरुस्तीपूर्वी एक संपूर्ण पावसाळा निरीक्षणास द्यावा, असे सुचविल्यास घरमालकास ते रुचत नाही. तरीही हाच सर्वांत स्वस्त उपाय आहे. एका वहीत पाऊस पडल्याची तारीख व वेळ, पाणी दिसल्याची वेळ आणि जागा यांची नोंद ठेवावी. भिंतीवर ओलीच्या कडेने खडूने वा पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहावी. या नोंदीतून जे कळते ते तज्ज्ञासही एका भेटीत कळत नाही.

जोराचा पाऊस झाल्यापासून काही तासांतच पाणी आले व पाऊस थांबल्यावर एक-दोन दिवसांत ओसरले, तर ते पृष्ठभागावरचे पाणी समजावे. छपराचे नळ, अंगणाचा घराकडील उतार, जिन्याचा वा वाहनांच्या उताराचा तोंडाकडचा भाग, हवेच्या झरोक्यांची उंची येथे दोष शोधावा. याउलट पाऊस सुरू होऊन काही आठवडे लोटल्यावर पाणी येऊ लागले, मध्यंतरी उघडीप झाली तरी थांबले नाही आणि पावसाळा संपल्यावरही हिवाळ्यापर्यंत पाझर चालू राहिला, तर ते भूजल होय. परिसरातील एखाद्या विहिरीची पातळी दर आठवड्यास मोजली, तर या दोहोंचा संबंध स्पष्ट दिसतो.

वैशाखातही ओल कायम असेल, तर पावसास दोष देण्यात अर्थ नाही. अशा वेळी नळ, मैलावाहिनी, जमिनीखालील पाण्याची टाकी किंवा बागेचे शिंपण यांकडे पाहावे. घरातील सर्व तोट्या बंद करून पाण्याचे मीटर फिरते काय हे पाहिल्यास मीटरपासून पुढच्या दाबाच्या नळांची गळती कळते. टाकीत येणारे व टाकीतून जाणारे पाणी रात्री बंद करून पातळीची खूण करावी आणि सकाळी ती खूण पाहावी. संडासाच्या वा न्हाणीच्या वाहिनीवर संशय असल्यास तीत रंग सोडून तो तळघरात उमटतो का, हे पाहता येते. क्षारमापक यंत्रानेही पुष्कळ काम होते. नगरपालिकेचे पाणी व परिसरातील कूपनलिकेचे पाणी यांतील क्षारांचे प्रमाण बहुधा वेगळे असते, आणि तळघरातील पाणी कोणाशी जुळते हे काही मिनिटांत समजते. मात्र पाणी मातीतून लांबवर फिरून आले असेल, तर वाटेत क्षार विरघळून आकडा वाढतो. म्हणून ही एकच चाचणी निर्णायक मानू नये.

चौथी शक्यता सर्वांत उपेक्षित आहे. पावसाळ्यात बाहेरची हवा २८ अंश तापमानाची व ९० टक्के आर्द्रतेची असेल, तर तिच्यातील बाष्प सुमारे २६ अंशांस दव होऊन जमते. तळघराची भिंत जमिनीच्या सान्निध्यामुळे याहून थंड राहू शकते. म्हणजे बाहेरून थेंबभर पाणी न येताही भिंत ओली होते. अशा वेळी ‘हवा खेळू द्यावी’ म्हणून दारे-खिडक्या सताड उघडल्यास ओल वाढते. हिवाळ्यात जो उपाय गुणकारी ठरतो तोच आषाढात अपायकारक ठरतो, हे ध्यानात घ्यावे. पारख सोपी आहे. साधारण ४५ सेंटिमीटर चौरसाचा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा व एक दिवस तसाच ठेवावा. दव खोलीकडील बाजूस जमले तर ते हवेतील बाष्प, आणि प्लॅस्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूस जमले तर भिंतीतून येणारी ओल समजावी. एकाच तळघरात दोन्ही असणे अर्थातच शक्य आहे.

भिंतीवरील पांढरा लोणाही बोलका असतो. पाणी भिंतीतून येताना क्षार व चुना बरोबर आणते आणि पृष्ठभागावर वाळताना ते मागे ठेवते. लोणा जेथे दाट, तेथे पाण्याची ये-जा पुष्कळ दिवसांची. त्यातच तांबूस डाग उमटलेले दिसले, किंवा हातोडीने हलके ठोकल्यावर गिलावा वा काँक्रीट पोकळ वाजले, तर आतील सळई गंजल्याचा संशय घ्यावा. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो आणि वरचे काँक्रीट आतून फोडतो. येथून पुढचे काम जलरोधन करणाऱ्याचे नाही, संरचना अभियंत्याचे आहे.

जमिनीवरचे उपाय

पाणी घरात शिरण्यापूर्वी अडविणे हे शिरल्यानंतर बाहेर काढण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर, आणि या विषयात ते स्वस्तही आहे. छपराचे सर्व नळ बंद वाहिनीने भरावाच्या पलीकडे, शक्य तर थेट पावसाळी गटारापर्यंत न्यावेत. घरालगतच्या पहिल्या ३ मीटर अंतरात जमिनीस किमान १५ सेंटिमीटर उतार घरापासून दूर असा द्यावा. भराव काही वर्षे खचतच राहतो, त्यामुळे बांधकामाच्या वेळी दिलेला उतार पुढे उलटा होतो. जोत्यालगत पाण्याचे डबके दिसले की हे घडले आहे असे जाणावे. भरावावर घट्ट फरसबंदी करून भिंतीशी तिचा सांधा लवचीक द्रव्याने भरणे लाभदायक ठरते. नेमक्या याच पट्ट्यात फुलझाडांचे वाफे करून त्यांना रोज पाणी घालण्याची हौस अनेक बंगल्यांत दिसते. तळघर असलेल्या घरी ती परवडणारी नाही.

या कामांत नेत्रदीपक असे काही नाही, त्यामुळे त्यांची शिफारस करणारा व्यावसायिक सहसा भेटत नाही. परंतु पाणी पृष्ठभागाचे आहे असे निदान झाले असल्यास एवढ्यानेच तळघर कोरडे होण्याचा संभव मोठा असतो. लेप देण्याचा विचार त्यानंतरच्या पावसाळ्याचा अनुभव घेऊन करावा.

आतील बाजूचे उपाय

भूजलाचा पाझर असेल तर मात्र वरील उपाय पुरत नाहीत. येथे एक मूलभूत भेद लक्षात घ्यावा लागतो. भिंतीच्या बाहेरून दिलेला लेप पाण्याच्या दाबाने भिंतीवर अधिकच दाबला जातो, तर आतून दिलेला लेप त्याच दाबाने भिंतीपासून ढकलला जातो. साधा जलरोधक रंग आतून लावल्यास त्यावर फुगे येतात व पापुद्रे सुटतात ते यामुळे. आतून द्यावयाचा असेल तर काँक्रीटशी एकजीव होणारा सिमेंटयुक्त लेप किंवा स्फटिक तयार करणारे द्रव्य वापरावे. हे दुसरे द्रव्य ओलाव्याच्या साह्याने काँक्रीटच्या सूक्ष्म नलिकांत स्फटिक निर्माण करते. केसासारख्या बारीक भेगांत ते उपयुक्त आहे. हलणाऱ्या भेगेत वा मोठ्या पोकळीत त्याच्याकडून अपेक्षा करू नये.

पोकळ्या व जोड भरण्यासाठी भिंतीत छिद्रे पाडून, नळ्या बसवून दाबाने सिमेंटचे पातळ मिश्रण भरले जाते. पाणी प्रत्यक्ष वाहत असेल तर पॉलियुरेथेन भरतात. ते पाण्याशी संयोग पावून फुगते व वाट बंद करते. कामाचा क्रम येथे महत्त्वाचा आहे. सगळी भिंत एकदम बंद करावयाची नसते. सर्वांत खालच्या बिंदूस छिद्र पाडून त्यात नळी बसवावी व पाण्यास तेथून मोकळी वाट द्यावी. दाब उतरल्यावर उरलेली छिद्रे व सांधे वरून खाली येत भरावेत, भिंत व तळ यांच्या कोनात वाटा घालावा आणि नळी शेवटी बुजवावी. अनुभवी कारागीर हे जाणतात. नळी बुजविण्याची घाई मात्र करू नये, किंबहुना पुष्कळ घरांत ती कधीच न बुजविणे शहाणपणाचे असते. सर्व वाटा बंद केल्या की बाहेरील पाण्याची पातळी चढते व ते अधिक उंचीवर, अधिक दाबाने दुसरी फट शोधते. पूर्वी वर्णिलेला ‘शेजारचा कोपरा’ तो हाच.

भूमिगत बांधकामांविषयीच्या ब्रिटिश मानक ८१०२ मध्ये संरक्षणाचे तीन प्रकार मानले आहेत. पहिल्या प्रकारात लेप वा पटल लावून पाणी अडविले जाते, दुसऱ्यात काँक्रीटची रचनाच जलाभेद्य केली जाते आणि तिसऱ्यात पाणी येणार हे गृहीत धरून ते वळवून बाहेर काढले जाते. आपल्याकडे तिसरा प्रकार कमीपणाचा मानला जातो, जणू तो पराभवाची कबुली आहे. वास्तविक बांधून झालेल्या व भूजलाने वेढलेल्या घरास तोच बहुधा सर्वांत भरवशाचा आहे. भिंतीच्या पायथ्याशी तळाच्या काँक्रीटमध्ये चर घ्यावा, त्यात खडीने वेढलेली छिद्रांची नळी बसवावी, तिला उतार देऊन कोपऱ्यातील छोट्या हौदात सोडावे आणि हौदात पाणबुडी पंप व तरंगत्या गोळ्यावर चालणारा स्विच ठेवावा. पंप दोन असावेत. वीज जाते ती बहुधा मुसळधार पावसातच, तेव्हा इन्व्हर्टरची वा जनित्राची सोय हा या योजनेचा अनिवार्य भाग होय. पंपाच्या नळास एकमार्गी झडप हवी, अन्यथा गटार तुंबल्यावर तेच पाणी उलट घरात येते.

जुन्या वाड्यांतील काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतींबाबत स्वतंत्र काळजी घ्यावी लागते. अशा भिंतींच्या दरजा आतून सिमेंटने पक्क्या भरल्यास ओल भिंतीतच कोंडते व वर चढून जोत्यावरच्या भागात प्रकट होते. तेथे चुन्याच्या दरजा, निचरा आणि हिवाळ्यातील मोकळी हवा यांवर भर देणे इष्ट.

कामाच्या वेळेविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. पाझराच्या जागा पावसाळ्यातच दिसतात, बाहेरची खोदाई मात्र माघ ते वैशाख या काळातच नीट होते. तक्रार श्रावणात होते व पौषात विसरली जाते, ही यातील खरी अडचण. तारखांसह ठेवलेली वही येथे उपयोगी पडते. स्टॅम्प पेपरवर दिलेल्या दीर्घ मुदतीच्या हमीबाबत एवढेच विचारावे की ती कोणत्या भागास लागू आहे. लेप दिलेल्या जागेस हमी असते, पाणी पुढे जेथून येईल त्या जागेस ती सहसा नसते.

साचलेले पाणी उपसताना

पाझर आणि पूर यांतील अंतर एका रात्रीत पुसले जाऊ शकते. दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगरात २७ जुलै २०२४ रोजी एका शिकवणी संस्थेच्या तळघरात रस्त्यावरचे पाणी शिरून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. ते तळघर ग्रंथालयासारखे वापरात होते. तळघर हे राहण्यासाठी नसून साठवण, वाहनतळ, यंत्रसामग्री अशा वापरासाठी असते, ही राष्ट्रीय इमारत संहितेची सर्वसाधारण भूमिका आहे. तिच्यामागील एक कारण हेही होय. तळघरात पाणी साचलेले दिसल्यास आत पाऊल टाकण्यापूर्वी वीजपुरवठा बाहेरून बंद करावा. तो स्विच पाण्यात उभे राहिल्याशिवाय हाती येत नसेल, तर वीज कंपनीच्या कर्मचाऱ्यास बोलवावे. मीटर व मुख्य स्विच तळघरात ठेवूच नयेत.

पाणी उपसण्याची घाईही धोक्याची ठरू शकते. बाहेरील भराव पाण्याने भरलेला असताना आतील पाणी एकाएकी काढले, तर भिंतीवरचा समतोल जातो आणि कच्ची भिंत आत कोसळू शकते. अमेरिकेतील आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा अशा वेळी एक फूट पाणी काढून खूण करण्याचा व रात्रभर थांबण्याचा सल्ला देते. सकाळी पातळी पुन्हा चढलेली असेल, तर बाहेरचे पाणी अद्याप ओसरलेले नाही असे समजावे. जुन्या दगडी वा विटांच्या तळघरांस हा सल्ला विशेष लागू पडतो.

नवे बांधकाम आणि दायित्व

नव्या घरास हे सर्व टाळता येते. तळघराच्या भिंती व जमीन जलाभेद्य असाव्यात आणि पृष्ठभागावरचे पाणी आत येणार नाही अशी व्यवस्था असावी, ही अपेक्षा राष्ट्रीय इमारत संहितेत नमूद आहे. मुंबई-पुण्याकडे यासाठी शहाबादी फरशीची पेटी करण्याची पद्धत रूढ आहे. तळाखाली व भिंतींबाहेर फरश्या सिमेंटमध्ये बसवून, सांधे भरून, मागची पोकळी सिमेंटच्या पातळ मिश्रणाने भरली जाते. काम नेकीने झाल्यास ही पद्धत उत्तम आहे. परंतु ती संपूर्णपणे हाताच्या कसबावर अवलंबून आहे आणि भराव टाकल्यावर तिची तपासणी अशक्य होते. म्हणून भराव टाकण्यापूर्वी प्रत्येक बाजूची छायाचित्रे काढून ठेवावीत. भिंत व तळ यांच्या जोडात पाणी रोखणारी पट्टी घालणे, भरावात राडाऱ्याऐवजी भिंतीलगत खडी टाकून तळाशी निचऱ्याची नळी ठेवणे, या गोष्टींचा खर्च त्या वेळी किरकोळ असतो व नंतर तो अनेक पटींनी वाढतो.

विकासकाकडून घेतलेल्या सदनिकेबाबत स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १४ नुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतील वा कारागिरीतील दोष निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाचा असतो. तक्रार लेखी, तारखांसह व छायाचित्रांसह असावी. स्वतःच्या भूखंडावर ठेकेदाराकडून बांधून घेतलेल्या बंगल्यास हे संरक्षण लागू होत नाही. तेथे करारपत्रात जे लिहिले असेल तेच.

उपसलेल्या पाण्याचा प्रश्न

पंपाने बाहेर काढलेले पाणी कोठे सोडावे, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यातूनच दुष्टचक्र सुरू होते. ते भिंतीलगत वा बागेत सोडल्यास भरावातून पुन्हा हौदात येते आणि पंप तेच पाणी दिवसभर फिरवीत राहतो. मैलावाहिनीत सोडणे अनुचित आहे, कारण पावसाळ्यात ती आधीच भरलेली असते. पावसाळी गटार हे त्याचे योग्य स्थान. पाणी भूजलाचे व तपासणीअंती स्वच्छ आढळले, तर संडास, गाड्या धुणे वा भरावापासून दूरच्या झाडांसाठी ते वापरता येते. खोल तळघरांतून महिनोन् महिने उपसा चालतो, तेथे परिसरातील विहिरी व कूपनलिकांचे पाणी खाली जाण्याचा संभव असतो. म्हणजे एका घराचा कोरडेपणा शेजारच्याच्या विहिरीतून येतो, आणि उन्हाळ्यात त्याच वसाहतीत टँकर बोलवावे लागतात.

यातच पर्जन्यजल पुनर्भरणाच्या सोयीची भर पडते. अनेक शहरांत ती नव्या इमारतींना बंधनकारक आहे व तिचा हेतू स्तुत्यच आहे. परंतु जागेच्या टंचाईमुळे शोषखड्डा कित्येकदा तळघराच्या भिंतीलगत, भरावातच खणला जातो. छपराचे सर्व पाणी शास्त्रशुद्ध गाळणीतून गाळून थेट त्या नकळत बांधलेल्या हौदात सोडण्याचा हा प्रकार होय. शोषखड्डा भरावाच्या बाहेर, मूळ जमिनीत, घराच्या उताराच्या खालच्या बाजूस आणि तळघरापासून शक्य तितका दूर असावा. तेवढी जागा नसेल तर पुनर्भरण कूपनलिकेद्वारे करावे व तिची वरची नळी तळघराच्या जमिनीच्या पातळीहून पुष्कळ खोलवर, खडकापर्यंत बंद ठेवावी, जेणेकरून पाणी तळघराच्या पातळीवर बाहेर न पडता खालच्या थरांत उतरेल.